वस्तरा की सेफ्टी रेझर? धार कोण सांभाळणार ते आधी ठरवा

माझ्या मोरीतल्या आरशाखाली दोन हत्यारं असतात. एक पितळेचा, क्रोमचा मुलामा दिलेला, तीन भागांत सुटणारा सेफ्टी रेझर. दुसरा मिटता वस्तरा, जर्मनीतल्या झोलिंगेनचा, काळ्या मुठीचा. सोमवार ते शनिवार रेझर आणि रविवारी वस्तरा, हा माझा अकरा वर्षांचा शिरस्ता. मी भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये एकतीस वर्षं कटरला धार लावण्याचं काम केलं. धार म्हणजे काय, ती कशाने जाते आणि कशाने परत येते, हे मी पोटासाठी शिकलो. दाढीकडे मी त्याच नजरेने बघतो, म्हणून हे लिहितोय.

गेल्या गणपतीत चिपळूणला भाचा भेटला. वाळूजला नोकरी करतो, वय चोवीस. मानेवर लाल पुरळ उठलेलं. म्हणाला, "मामा, पाच पात्यांच्या रेझरने हे असं होतं. तुमच्यासारखा वस्तराच घेऊ का आता?"

मी विचारलं, "तुला दाढी करायची आहे, की धार सांभाळायची आहे?"

तो गप्प बसला. पण सगळी निवड याच प्रश्नावर आहे. लोक विचारतात, कशाने जास्त गुळगुळीत होते? हात बसला की दोन्हींनी सारखीच होते. केस कापते ती एकच धार, दोन्हीकडे. फरक एवढाच की रेझरमध्ये ती धार कारखान्याने लावलेली असते आणि बोथट झाली की आपण पातं बदलतो. वस्तऱ्यात ती धार आपली असते. ती लावायची आपण, टिकवायची आपण, आणि बिघडली तर सुधारायचीही आपणच.

गिलेटने नेमकं काय बदललं

पात्याला कठडा लावून कातडी वाचवायची कल्पना गिलेटच्या आधीची आहे. अमेरिकेत कॅम्फे बंधूंनी १८८० मध्ये असा रेझर काढला होता. पण त्यातलं पातं जाड होतं, ते काढून चामड्याच्या पट्ट्यावर घासावं लागायचं. म्हणजे कापण्याची भीती कमी झाली, धार लावण्याचं काम होतं तिथेच राहिलं. किंग कॅम्प गिलेटने ते काम काढून टाकलं. इतकं पातळ पातं करायचं की धार गेली की फेकून देता येईल. इतक्या पातळ पोलादाला पाणी देणं, म्हणजे तापवून-विझवून कठीण करणं, आणि धार काढणं जमणार नाही असं जाणकार सांगत होते. विल्यम निकर्सन नावाच्या इंजिनिअरने ते यंत्रावर जमवून दाखवलं. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांना हे रेझर दिले, आणि घरी परतलेल्या माणसांनी ती सवय सोबत नेली.

मी मायक्रोमीटरने मोजलं आहे. आजच्या दुधारी ब्लेडची जाडी ०.१ मिलिमीटर भरते. एवढं पातळ पातं एकटं उभं राहूच शकत नाही. रेझरचं डोकं त्याला वाकवून, दाबून ताठ धरतं. म्हणून रेझर विकत घेताना मुठीच्या नक्षीपेक्षा डोकं बघा. ब्लेड बसवून डोळ्यासमोर आडवं धरा. दोन्ही बाजूंना ब्लेड सारखंच बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी असेल तर तो रेझर परत करा, मग तो कितीही महाग असो.

आधी रेझरबद्दल, कारण दहातल्या नऊ जणांनी हाच घ्यावा

पहिला रेझर मऊ स्वभावाचा घ्या. ब्लेड आणि खालचा कठडा यांच्यातली फट जितकी मोठी, तितका रेझर तापट. माझ्या रेझरची फट मी फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी, मोजली तेव्हा ०.६५ मिलिमीटर भरली, आणि रोजच्या दाढीला ती पुरते. कठड्याच्या जागी कंगव्यासारखे दाते असलेले रेझर चार-पाच दिवसांच्या वाढीला चांगले, शिकाऊ माणसाने लांब ठेवावेत. फुलपाखरासारखं वर उघडणारं डोकं बघायला छान वाटतं, पण त्याच्या बिजागऱ्यांत साबण साचतो. तीन भागांचा रेझर सुटा करून नळाखाली धरला की काम झालं. शिवाय त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

ब्लेडच्या बाबतीत कुणाचं ऐकू नका, माझंही. टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक, विल्किन्सन, अॅस्ट्रा, जपानी फेदर अशी चार-पाच प्रकारची एकेक पाकिटं आणा. रेझर, साबण, पाणी सगळं तेच ठेवून फक्त ब्लेड बदला, आणि प्रत्येकाला एक आठवडा द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा टूलरूमचा नियम इथेही लागू. फेदर फार तल्लख असतं. हात हलका नसेल तर ते लगेच दाखवून देतं, म्हणून ते शेवटी वापरा. माझं एक ब्लेड पाच दाढ्या चालतं. खेचल्यासारखं वाटलं की सहावी करायची नाही. धुतल्यावर ब्लेडची धार टॉवेलने पुसू नका, पाणी झटका आणि सुकू द्या.

आता फेसाबद्दल. इथे मी थोडा वेळ घेणार, कारण लोक हत्यारावर हजारो रुपये घालवतात आणि फेसाला अर्धा मिनिटही देत नाहीत.

कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटं पाणी प्यायला की तो फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. धारेसाठीही हे महत्त्वाचं आहे. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, तरी पोलादाची धार दाढीने जाते, हे कोडं मला कामावर असल्यापासून होतं. मी समजत होतो की धार झिजून गोल होते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या धातुशास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली केस कापून पाहिले, तेव्हा दिसलं की धारेचे बारीक बारीक टवके उडतात. केस वाकून धारेला तिरका लागला, आणि त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, की टवका जातो. कटरचा दात मी असाच तुटताना पाहिला आहे, तिरका भार आला की. त्यानंतर केस नीट भिजवण्याचा कंटाळा मी कधी केला नाही.

म्हणून दाढी अंघोळीनंतर करा. ते जमत नसेल तर कोमट पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल दोन मिनिटं गालांवर धरा. डुकराच्या केसांचा ब्रश असेल तर तो तेवढा वेळ पाण्यात भिजत ठेवा. कृत्रिम तंतूंचा ब्रश भिजवावा लागत नाही. ब्रश झटकून साबणावर वीस-तीस फेरे द्या, मग वाटीत किंवा थेट गालावर घोटा. मध्ये दोन-तीनदा ब्रशचं टोक पाण्यात बुडवा. सुरुवातीला येणारा फुगलेला, हवेचा फेस कामाचा नाही. घोटत राहिलं की तो खाली बसतो, दह्यासारखा घट्ट आणि चकचकीत होतो. बोटांत धरून चोळला तर निसटला पाहिजे. असा फेस आला की थांबा.

भाच्याला हा फेस जमेना. ब्रश बदलला, क्रीम बदललं, तरी गालावर दह्याऐवजी ताक. त्याच्या फ्लॅटला बोअरचं पाणी येतं हे कळल्यावर उलगडा झाला. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून चिकट साका करतात, फेसाला साबण उरतच नाही. मी सांगितलं, प्यायच्या फिल्टरचं एक कपभर पाणी गरम कर आणि फेस तेवढ्यावरच कर. धुवायला बोअरचं चालेल. त्या दिवसापासून त्याची तक्रार संपली. मराठवाड्यात, सोलापूरकडे, जिथे बादलीला पांढरा थर चढतो तिथे हे लक्षात ठेवा.

रेझर चालवण्याआधी एक दिवस फक्त दाढी चाचपण्यात घाला. दोन दिवसांचे खुंट वाढू द्या आणि बोटं फिरवा. ज्या दिशेने बोट गुळगुळीत सरकतं तो केसांचा कल. गालावर तो बहुतेकांचा वरून खाली असतो. गळ्यावर मात्र प्रत्येकाचा वेगळा. माझ्या उजव्या गळ्यावर केस खालून वर येतात आणि डाव्या बाजूला कानाकडे झोपतात. भाच्याचं पुरळ नेमकं गळ्यावरच होतं, कारण तो तिथे रोज कलाच्या विरुद्ध, दाबून, पाच पाती फिरवत होता. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस ओढतं आणि मागचं त्याला कातडीच्या खाली कापतं. मग वळणदार केस वर येताना वाट चुकून आतच वाढतो आणि फोड येतो. एकाच पात्याने कातडीच्या पातळीवर कापलं की हे बरंच कमी होतं.

रेझर मुठीच्या टोकाकडे, तीन बोटांत धरा. आधी डोक्याचा वरचा भाग गालाला टेकवा आणि मूठ हळूहळू खाली आणा. ज्या क्षणी केस कापल्याचा खसखस आवाज येऊ लागतो तो तुमचा कोन, साधारण तीस अंश. कानाने दाढी करा असं मी म्हणतो ते यासाठी. आवाज बंद झाला म्हणजे कोन सुटला. आणि दाबायचं अजिबात नाही, रेझरचं वजन पुरे. कार्ट्रिजची, म्हणजे अनेक पात्यांच्या रेझरची, सवय असलेला माणूस नकळत दाबतो आणि पहिल्याच दिवशी रक्त काढतो. दोन-अडीच सेंटिमीटरचे छोटे हात मारा, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरा.

पहिला हात, म्हणजे सगळ्या दाढीवरून एक फेरी, कलाप्रमाणे. पुन्हा फेस. दुसरा हात आडवा. रोज ऑफिसला जाणाऱ्याने इथे थांबावं. सलूनमध्ये ज्याला उलटा हात म्हणतात तो तिसरा, कलाच्या विरुद्ध, पहिले दोन महिने करूच नका. नंतरही फक्त गालांवर, आणि पुन्हा फेस लावूनच. फेस नसलेल्या कातडीवर रेझर फिरवायचा नाही, एक केस राहिलेला दिसला तरी.

शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी. तुरटी रक्त थांबवते, पण माझ्या दृष्टीने तिचा मोठा उपयोग तपासणीचा. जिथे झोंबते तिथे तुम्ही दाबलंत किंवा एकाच जागी पुन्हा पुन्हा गेलात. दुसऱ्या दिवशी तिथे हात हलका ठेवा. महिन्याभरात झोंबणं जवळजवळ थांबतं. मग समजा की हात बसला.

वस्तरा: ज्याला धारेची ओढ आहे त्याने

आमच्या गावी बलुत्यावर दाढी करणारे एक आजोबा होते. ओट्यावर उकिडवे बसायचे, समोरच्याच्या हातात आरसा द्यायचे आणि वस्तरा आपल्या तळहातावर चारदा उलटापालटा करायचे. मी सात-आठ वर्षांचा असताना त्यांचा तो तळहात बघत बसायचो. वस्तऱ्याची ओढ मला तिथून लागली. पुढे चाळिशी उलटल्यावर पुण्याच्या जुन्या बाजारात, एका रविवारी, खिळे-कुलपांच्या ढिगात मला झोलिंगेनचा शिक्का असलेला वस्तरा सापडला. साडेतीनशे रुपये दिले.

जुना वस्तरा घेताना तीन गोष्टी बघा. धारेच्या अगदी कडेला गंजाचे खड्डे नकोत. कण्यावर, म्हणजे पात्याच्या जाड पाठीवर, असले तरी चालतात, कडेला असतील तर दगडावर घासताना कड तुटत राहते. वस्तरा काचेवर आडवा ठेवला तर कणा आणि धार दोन्ही टेकली पाहिजेत, डुगडुगता कामा नये. आणि कण्याची झीज दोन्ही बाजूंनी सारखी हवी. यातलं काही ओळखता येत नसेल तर नवा घ्या. पण नवा "वापरायला तयार" म्हणून आलेला वस्तरा तयार असतोच असं नाही. मी एकदा ऑनलाइन मागवलेल्या अशाच एका वस्तऱ्याने हातावरचा केससुद्धा कापला गेला नव्हता. त्याची धार मला पहिल्यापासून बांधावी लागली.

सलूनमध्ये आज वापरतात तो वस्तरा वेगळा. त्यात दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धं बसवतात. रक्तातून पसरणारे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी हे आजार बघता ते योग्यच आहे, आणि खुर्चीत बसल्यावर नवं ब्लेड आपल्यासमोर बसवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. पण "आधी हा स्वस्तातला घेऊन बघतो, मग खरा वस्तरा घेतो" असं करू नका. अर्ध्या ब्लेडची धार ताठ आणि तिखट, तिच्या खाली कठडा नाही, हाताला वजन नाही. शिकायला तो खऱ्या वस्तऱ्याहून अवघड आहे. त्यावर चेहरा कापून घेऊन वस्तऱ्याचा नाद सोडलेली माणसं मला माहीत आहेत.

वस्तऱ्याची रचना मला अजूनही थक्क करते. माझ्या वस्तऱ्याचा कणा ४.५ मिलिमीटर जाड आणि पातं १६ मिलिमीटर रुंद. व्यापाऱ्यांच्या भाषेत पाच-अष्टमांश इंची. दगडावर आडवा ठेवला की कणा आणि धार दोन्ही टेकतात, आणि धारेचा कोन आपोआप सोळा अंश येतो. कोन धरायला जिग लागत नाही, फिक्स्चर लागत नाही, म्हणजे हत्यार ठरल्या कोनात पकडून ठेवणारं कुठलंच साधन नको. वस्तऱ्याची पाठच त्याचं फिक्स्चर. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या शेफिल्डच्या आणि झोलिंगेनच्या कारागिरांनी ही सोय पोलादातच घडवून ठेवली. दगडावर धारेबरोबर कणाही थोडा झिजतो, म्हणून रुंदी कमी झाली तरी कोन फारसा बदलत नाही. एकतीस वर्षं मी कोन धरण्यासाठी धडपडलो, म्हणून मला याचं मोल कळतं.

रोजचं काम पट्ट्यावर. माझा पट्टा कोल्हापुरात चामडं घेऊन करवलेला आहे. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, त्याला धातूवर हवी तशी पकड असते. एक टोक खिळ्याला अडकवा, दुसरं ताणून धरा. पट्टा सैल पडला तर धार गोल होते. वस्तरा आडवा ठेवा आणि कण्याच्या दिशेने ओढा, धार मागून आली पाहिजे. टोकाला पोचलात की वस्तरा कण्यावरच उलटा करा, धार हवेत फिरू द्या, आणि परत या. कणा चामड्यावरून एकदाही उचलायचा नाही. आधी कापडी बाजूवर वीस-पंचवीस फेरे, मग चामड्यावर पन्नास. वेग नको. मी पहिल्याच आठवड्यात घाई केली, धार पुढे गेली आणि नव्या पट्ट्यात बोटभर लांब चीर पडली. त्या पट्ट्याचा तुकडा मी अजून ठेवला आहे.

चेहऱ्यावर पहिले दोन आठवडे फक्त गाल करा. बाकीचं रेझरने उरका. अंगठा पात्याच्या मागच्या दांडीखाली, तीन बोटं वर, करंगळी शेपटीवर. मूठ उघडून बाजूला. कणा गालापासून दोन कण्यांच्या जाडीइतका वर उचला म्हणजे कोन तीस अंशांच्या आसपास येतो. कानापुढून सुरुवात करा, वरून खाली, कातडी चांगली ताणून. हात फक्त धारेला काटकोनात चालला पाहिजे. धारेच्या लांबीच्या दिशेने, करवतीसारखा, केसभरही सरकला तर कातडी उघडते. बाकीच्या चुका रेझर जशा माफ करतो तशा वस्तराही काही प्रमाणात करतो, ही मात्र नाही. डाव्या गालासाठी डावा हात वापरायला शिका. अवघड वाटतं, पण उजवा हात चेहऱ्यावरून आडवा नेला की आरशात काही दिसत नाही.

तिसऱ्या आठवड्यात जबडा, मग गळा, सगळ्यात शेवटी हनुवटी आणि ओठाच्या वरचा भाग. हनुवटीवर केस दाट, हाड टोकदार आणि कातडी सैल. माझी खोल जखम तिथलीच आहे, दीड महिना झाल्यावर, आता जमतं असं वाटू लागल्यानंतरची. सकाळच्या पाळीची गडबड होती. तेव्हापासून घाईच्या दिवशी मी वस्तरा उघडत नाही. मोरीत लहान मूल येणार असेल, दार लागत नसेल, तरीही नाही. आणि हातातून निसटला तर झेलायला जाऊ नका, पडू द्या. दगडावर धार दुरुस्त होते.

दगडाचं काम वर्षाला दोन-तीनदा येतं. पट्ट्यावर घासूनही धार खेचू लागली की समजा वेळ झाली. धार अगदी गेली असेल तर १००० नंबरचा पाण्याचा दगड, नाहीतर थेट ५०००, मग ८०००, मग १२०००. नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. दगड आधी सपाट करून घ्या. वापरलेला दगड मध्ये खोलगट होतो आणि तसा दगड सरळ धार देऊच शकत नाही. पट्ट्यावर धार मागे असते, दगडावर ती पुढे. वस्तरा पूर्ण आडवा, कणा टेकलेला, आणि तिरका ओढत न्यायचा, म्हणजे पात्याची सगळी लांबी दगडावरून जाते. बोटांचा दाब जवळजवळ शून्य. भिंगातून बघा: बेव्हल, म्हणजे धारेलगतची घासलेली उतरती पट्टी, मुठीकडच्या टाचेपासून टोकापर्यंत सलग, एकसारखी चमकली पाहिजे. १००० वर ती तशी बांधली गेली नसेल तर पुढचे दगड फक्त चुकीच्या आकाराला चकाकी देतात. टूलरूममध्ये नव्या मुलांची हीच चूक मी रोज सुधारायचो, रफिंग, म्हणजे आकार देणारं भरड काम, पुरं न करता फिनिशिंगला धावायचं. शेवटी एक सुटा केस हवेत धरून धारेवर सोडा. ओढ न लागता तुटला तर पट्ट्यावर नेऊन दाढीला घ्या.

वेळ, पैसा आणि कोणाला काय

रेझरची माझी दाढी दहा मिनिटांची, वस्तऱ्याची पट्ट्यासकट पस्तीस. वर्षाला तीनशेच्या आसपास दाढ्या रेझरवर होतात, म्हणजे साठेक ब्लेड. साध्या देशी ब्लेडचे दोन-अडीचशे रुपये. वस्तरा साडेतीनशेचा मिळाला खरा, पण दगडांना नऊ हजारांवर गेले, पट्टे दोन झाले. नवा चांगला जर्मन वस्तरा मी शोधला तेव्हा दहा हजारांच्या खाली नव्हता. पैसे वाचवायला वस्तरा घेतो असं कुणी म्हटलं तर मी त्याला रेझरच सुचवतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हात कापत असतील, मधुमेहात जखम लवकर भरत नसेल, तर वस्तरा नको आणि रेझरही डॉक्टरांना विचारून. अशांना विजेचं मशीन बरं. चेहऱ्यावर पिकलेले फोड असताना दोन्ही बंद ठेवा. विमानात हाताशी ठेवायच्या सामानात ब्लेड आणि वस्तरा दोन्ही चालत नाहीत. ब्लेड काढून नुसता रेझर न्या आणि पोचल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्लेड घ्या. वस्तऱ्याला ही सोय नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. चांगला वस्तरा बहुधा कार्बनच्या पोलादाचा असतो आणि कोकणातल्या जुलैत तो एका रात्रीत डाग धरतो. दाढी झाली की मऊ कापडाने पुसा, मुठीच्या फटीतलं पाणीही टिपा. कोरड्या पट्ट्यावर पाच-सहा फेरे द्या, म्हणजे धारेवरची ओल जाते. मग शिवणयंत्राच्या तेलाचं एक बोट पात्यावर फिरवा. खोबरेल नको, ते कालांतराने चिकटतं. ठेवायचा मोरीत नाही, कपाटात. चिपळूणला जाताना मी वस्तरा नेतच नाही, पिशवीत फक्त रेझर असतो.

भाच्याने शेवटी रेझर घेतला. दिवाळीला आला तेव्हा गळा स्वच्छ होता. वस्तऱ्याचं नाव त्याने काढलं नाही. मात्र माझ्या दगडांपाशी बसून ५००० नंबरवर घरातली विळी घासत होता, दोन तास. त्यामुळे बघू.

त्याला मी एक डबा दिला, तसा तुम्हीही करा. काळ्या शाईच्या किंवा पावडरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला करवतीने ब्लेड जाईल एवढी चीर पाडायची आणि झाकण पक्कं चिकटवायचं. वापरलेलं ब्लेड त्यातच टाकायचं. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलेलं ब्लेड कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटांत जातं. ती पिशवी तिला हातानेच उघडावी लागते. माझा डबा सहा वर्षांत अर्धा भरला आहे. भरला की चीर डांबरी टेपने बंद करून, वर मोठ्या अक्षरांत "ब्लेड" लिहून, भंगारवाल्याच्या हातात सांगून द्यायचा.